कुठल्या हाताने अडवलास?

थॉर्नहिल सैनिकी अकादमी, न्यूयॉर्क
६ जानेवारी १९०७

सोल्वाय,

नावडत्या भावाचा सलाम घे. महिनाभर पत्र नाही म्हणून तू जेवढ्या शिव्या दिल्या असशील तेवढ्या सगळ्या कबूल. गणिताच्या परीक्षेने माझं पार पीठ केलं होतं. त्यातून वाचलो, एवढंच आईला सांग. किती गुण पडले ते सांगू नकोस.

आता बातमी. आम्हाला बर्फावरची हॉकी मिळाली! अकादमीच्या इतिहासातली पहिली टीम, आणि त्यात तुझा भाऊ. कॅप्टन आहे कॅलहून टेट. तो जॉर्जियाचा, कापसाच्या मुलखातला. इथं येईपर्यंत त्याने बर्फ फक्त सरबताच्या पेल्यात पाहिला होता. स्केट घालून उभा राहिला की नव्या वासरासारखे पाय फाकतात त्याचे, पण आवाज असा की पडता पडतासुद्धा हुकूम सोडतो, आणि आम्ही तो पाळतो.

आमचे कमांडंट कर्नल पाइक मात्र या खेळावर खार खाऊन आहेत. म्हणाले, "ज्या जमिनीवर धड उभं राहता येत नाही, तिथं सैनिकाने जायचंच कशाला?" शेवटी कसंबसं हो म्हणाले, पण एका अटीवर. चार सामने खेळा. तेवढ्या मोसमात टीममधल्या एकाचंही नाव शिस्तभंगाच्या वहीत चढलं, तर हॉकी कायमची बंद. तळ्यातला बर्फ कापून भटारखान्याच्या बर्फघरात आणि आमच्या काठ्या चुलीत. कर्नल बोलतात ते करतात. गेल्या वर्षी त्यांनी बॅन्डमधला एक ढोल खरोखर जाळला होता.

पण त्याआधीच एक घोळ झालाय. तळ्यावर वीतभर बर्फ पडला होता, तो दाबून सपाट करावा म्हणून टेटने चाळीस कॅडेट उभे केले आणि तासभर तळ्यावर कवायत घेतली. आता मधोमध ही एवढी भेग आहे आणि कडेने पाणी वर येतंय. पहिला सामना एकोणीस तारखेला. तू बर्फात वाढलीस, काहीतरी सांग.

मी टीममध्ये फार जबाबदारीच्या जागी आहे. सगळ्या खेळावर नजर ठेवावी लागते.

तुझा,
एनार

•

पाइनलेक, मिनेसोटा
११ जानेवारी १९०७

एनार,

तुझं पत्र मी आपल्या बर्फ कापणाऱ्या टोळीसमोर मोठ्याने वाचलं. चाळीस जण पावलं जुळवून तळ्यावर चालले हे ऐकून म्हातारा हालवोर करवत टाकून खालीच बसला. अरे, पुलावरून जाताना तो हादरू नये म्हणून तुम्ही लोक पावलांचा ताल मोडून चालता ना? मग बर्फ म्हणजे काय असतं? पाण्यावरचा पूलच की! तुमच्या टेटला म्हणावं, जॉर्जियाला जा आणि कापूस तुडव.

आता नीट वाच. बाबांचा गुडघा अजून धड नाही, त्यामुळे यंदा तलावावरचं बर्फ कापून विकायचं सगळं काम मीच बघते, आणि पत्र लिहायला मला पुन्हा वेळ मिळणार नाही. बर्फ पडला की तासाभरात झाडून काढायचा. वरचा भुसभुशीत बर्फ म्हणजे तळ्याची गोधडी. ती अंगावर असेल तर खालचं पाणी गोठणार कसं? भेगेत बर्फाचा लगदा भरा आणि वर पाणी शिंपडा. थंडी वाढली की तळ्याला भोक पाडून पाणी वर घ्या आणि पातळ थर द्या, एका वेळी बोटभरसुद्धा नको. तो पुरता गोठला की दुसरा. घाई केलीत तर वर पापुद्रा आणि खाली पोकळ. काळा दिसतो तो बर्फ पक्का, पांढरा लबाड. आणि तळ्यावर कुणीही रांगेने चालायचं नाही, कर्नलसुद्धा!

जबाबदारीची जागा म्हणे. सगळ्या खेळावर नजर ठेवतोस म्हणे. बटाट्या, तुला गोलात उभा केलाय! सरळ लिहायला लाज वाटली का? घरून जाताना तर काय छाती काढून सांगत होतास, की आता बघ, तिथं मी पुढे खेळणार, गोल करणार. लाज कसली त्यात? अकरा वर्षं मी तुला गोलात उभं केलं, ते काय तुला पळता येत नव्हतं म्हणून? बरं, तुला पळता येत नव्हतंच. पण तरीही.

आईने लोकरीचे मोजे पाठवलेत. दोन जोड. एक टेटला दे, त्याचे पाय गारठत असतील.

सोल्वाय

•

थॉर्नहिल
२७ जानेवारी १९०७

सोल्वाय,

तुझ्या पत्राचं काय झालं ते आधी ऐक. बर्फाबद्दलचं पान मी टेटला दिलं. त्याला ते इतकं पसंत पडलं की त्याने ते तळ्याकाठच्या खोपटाच्या दारावर ठोकलं आणि रोज कामाला लागण्यापूर्वी हुकूमनाम्यासारखं वाचून दाखवायला सुरुवात केली. पानाच्या मागे काय लिहिलंय हे मी पाहिलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी वाऱ्याने पान उलटलं. आता अख्खी अकादमी मला बटाट्या म्हणते. तुझं कल्याण असो.

तळं मात्र आरशासारखं झालंय. गोलात उभा असतो हेही आता कबूल करतो.

पहिला सामना अकरा-शून्यने हरलो. त्याचं कारण सांगतो. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलाने वरच्या वर्गातल्या कुणालाही विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असा रिवाज आहे. सरावात आमची पहिल्या वर्षाची पोरं धडक देण्याआधी विचारायची, "सर, धक्का देऊ का?" आणि ती सवय सामन्यातही गेली नाही. समोरचा गडी काठीने ती रबरी चकती घेऊन सुसाट निघालाय, आणि आमचा गडी त्याच्या बाजूने पळत अदबीने परवानगी मागतोय! दुसऱ्या सामन्यापर्यंत टेटने सगळ्यांना घाऊक परवानगी दिली. तो आम्ही चार-तीनने हरलो. तिसरा काल झाला, आणि तीन-एकने जिंकलो! टेटने एक गोल केला. स्वतः घसरून पडला, चकती त्याच्या पोटाला लागली आणि गोलात गेली, पण गोल तो गोलच.

वहीत अजून कुणाचंही नाव नाही. पण जीव टांगणीला लागलेला असतो. इथं सूर्यास्ताला तोफ होते, बिगुल वाजतो आणि झेंडा उतरतो. तेवढा वेळ जो जिथं असेल त्याने झेंड्याकडे तोंड करून दगड व्हायचं. पापणीसुद्धा हलवायची नाही. परवा टेटच्या डोक्यावर खोपटाच्या छपराचा अख्खा बर्फ कोसळला. बिगुल संपेपर्यंत तसाच उभा राहिला बिचारा, नुसतं नाक दिसत होतं.

आता एकच सामना उरलाय, नऊ फेब्रुवारीला, मिलबर्न शेतकी कॉलेजशी. त्यांचा डूली नावाचा एक आयरिश पोरगा आहे. तो पळतो तेव्हा स्केटचा आवाज येत नाही, असं म्हणतात. मला झोप लागत नाही. काहीतरी सांग.

बटाट्या

•

पाइनलेक
१ फेब्रुवारी १९०७

बटाट्या,

आता तूच सही केलीस, माझा दोष नाही.

नवीन काही सांगायचं नाही, जुनंच आठव. आई जेवायला हाक मारायची, तू मान वळवायचास, आणि मी गोल करायची. चर्चची घंटा झाली, मान वळली, गोल. कुत्रा भुंकला, गोल. आठवतं, रडत घरी जायचास? मग नवव्या वर्षी एकदा बाबांच्या खळ्याला आग लागली, सगळे ओरडत पळत सुटले, मी तेवढ्यात मारली, आणि तू अडवलीस. त्या दिवसानंतर तुझी मान कधी वळली नाही. आई हाका मारून मारून थकायची.

तेव्हा डूली असो नाहीतर डूलीचा बाप असो, चकतीवर डोळा ठेव. तोफ डागली तरी हलवू नकोस.

इथं मुलींची टीम काढलीय मी. सात जणी जमल्या. पाद्रीबुवांना पसंत नाही, पण ते परवा बघायला येऊन उभे राहिले आणि थंडीने नाक लाल होईतो हलले नाहीत. तुझ्या अकादमीत मला काही कुणी घेणार नाही, त्यामुळे माझ्या वाटचंही तूच खेळ.

सोल्वाय

•

थॉर्नहिल
१० फेब्रुवारी १९०७

सोल्वाय,

सामना बरोबरीत सुटला, दोन-दोन. सगळे खूश आहेत. टेटने मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि दोघंही पडलो. कर्नलसुद्धा पूर्ण सामना बघत उभे होते. मोसम संपला, वही कोरी आहे.

विशेष काही लिहिण्यासारखं नाही.

एक विचारू? समज, एखादी गोष्ट घडली आणि ती कुणीच पाहिली नाही. सांगितली तर आपलंच नाही, सगळ्यांचं नुकसान होणार. न सांगितली तर कुणाचं काहीच बिघडत नाही. तर मग ती घडली असं म्हणायचं का?

उगीच आपलं विचारलं. मोजे उबदार आहेत.

एनार

•

पाइनलेक
१५ फेब्रुवारी १९०७

एनार,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बरोबरी झाली, टीम खूश आहे आणि तू मोज्यांवर लिहितोस. मला खुळी समजतोस? तू गप्प झालास की काहीतरी लपवतोस, हे मी तू पाळण्यात असल्यापासून ओळखते.

चकती आत गेली होती, होय ना? रेषेच्या आत गेली, तू ती पायाने बाहेर सरकवलीस आणि पंचाने पाहिलं नाही. गोल तीन-दोन होता, आणि तू दोन-दोन केलास. तोंडावर सांगते, मला तुझी लाज वाटली. मी तुला अडवायला शिकवलं, लपवायला नाही.

बाबांना काही बोलले नाही. पण त्यांचा नियम तुला ठाऊक आहे. बर्फाच्या लादीत आतून भेग असेल, ती वरून दिसत नसेल, तरी गिऱ्हाइकाला आधी सांगायची. गेल्या वर्षी अख्खी गाडी परत आली, तरी त्यांनी सांगितलं. तुझी हॉकी त्या गाडीहून मोठी आहे का?

जा आणि सांग. हॉकी गेली तर गेली. मला वाईट वाटणार नाही असं नाही. फार वाईट वाटेल. तरी जा.

सोल्वाय

•

थॉर्नहिल
२१ फेब्रुवारी १९०७

सोल्वाय,

तुझं पत्र परवा आलं. तुझा आरोप साफ खोटा आहे, आणि तू सांगितलंस ते शंभर टक्के खरं आहे. आता सगळं पहिल्यापासून सांगतो.

त्या दिवशी बर्फामुळे मिलबर्नवाल्यांची गाडी उशिरा आली. दोनला सुरू व्हायचा सामना सव्वाचारला सुरू झाला. शेवटची तीन मिनिटं राहिली, दोन-दोन होते. सूर्य टेकडीला टेकलेला. डूलीने मधल्या रेषेवर चकती काढून घेतली, आमच्या दोघांना चकवलं आणि एकटा माझ्यावर चालून आला. खरंच स्केटचा आवाज येत नाही ग त्याच्या. आणि तेवढ्यात तोफ झाली.

बिगुल वाजला. आमचे सहाही जण जागच्या जागी थिजले, झेंड्याकडे तोंड करून. झेंडा पश्चिमेला आणि माझा गोल पूर्वेला, म्हणजे सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. पंच आमचेच लेफ्टनंट, तेही फिरले. काठावरचे तीनशे कॅडेट फिरले, कर्नल फिरले. पाहुण्यांनाही वाटलं की इथली रीत असेल, त्यांनीही टोप्या काढून तोंडं फिरवली. राहिलो डूली आणि मी. तो इतक्या वेगात होता की त्याला काही उमगलंच नाही. त्याने मारली, डाव्या कोपऱ्यात, वर.

आणि मी अडवली. डाव्या हाताने. चकती उडून बाजूच्या बर्फाच्या ढिगात गेली. माझ्या आयुष्यात मी असं कधी अडवलं नव्हतं, सोल्वाय. मग बिगुलाचे सूर कानांत शिरले आणि कळलं, मी हललो होतो. झेंडा उतरत असताना मी हललो होतो! तू शिकवलंस तोफ डागली तरी डोळा हलवायचा नाही. डोळा नाही हलला, बाकी सगळा मी हललो.

बिगुल संपला. लेफ्टनंटनी विचारलं, "चकती कुठंय?" डूलीने ढिगाकडे बोट केलं. त्यांना वाटलं, घरंगळत गेली असेल. डूली माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने टोपीला हात लावला आणि निघून गेला.

अकरा दिवस मी धड जेवलो नाही. सांगितलं की नाव वहीत, आणि हॉकी बंद. टेटची हॉकी, सगळ्यांची हॉकी. नाही सांगितलं तर रोज संध्याकाळी बिगुलाला उभं राहायचं आणि आपण काय केलंय ते आठवायचं. तुझं पत्र आलं आणि मी आधी टेटकडे गेलो. त्याची हॉकी बुडवायची तर निदान त्याला विचारून, म्हणून. ऐकून तो खाटेवर बसला. मग म्हणाला, "कुठल्या हाताने?"

"डाव्या."

"वर की खाली?"

"वर. कोपऱ्यात."

"अरे देवा, आणि मी झेंडा बघत होतो!" त्याने कपाळावर हात मारला. मग उठून कोट चढवला. म्हणाला, "चल. कॅप्टन मी आहे, मीही येणार."

कर्नलसाहेबांसमोर आम्हाला तीनच उत्तरं देता येतात: होय सर, नाही सर, आणि काही सबब नाही सर. कबुली एका वाक्यात दिली. पुढचं सगळं त्या तिघांत भागवावं लागलं. तिथं मी एनार नाही, नुसता आडनावाचा ब्रेक्के.

"झेंडा उतरताना तू हललास?"

"होय, सर."

"का?"

"काही सबब नाही, सर."

"तुला ठाऊक आहे का ब्रेक्के, की झेंडा उतरत असताना झालेला गोल मी धरलाच नसता? तू उगाच हललास."

हे मला सुचलंच नव्हतं, सोल्वाय! अकरा दिवसांत एकदासुद्धा नाही. तरी म्हणालो, "काही सबब नाही, सर."

मग त्यांनी टेबलावरचं एक पत्र उचललं. डूलीचं. सामन्यानंतर दोन दिवसांनी त्याने कर्नलसाहेबांनाच लिहिलं होतं. तुमचे लोक झेंड्याला मान देत होते आणि मी गोल मारला, मला कळलं नाही, मेल्याहून मेल्यासारखं झालंय, तुमच्या गोलकीपरचे आभार माना, त्याने तो अडवला म्हणून माझी अब्रू राहिली. असं बरंच काही. कर्नल म्हणाले, "बारा तारखेपासून हे इथं पडलंय. मी वाट बघतोय. बर्फ कापणाऱ्यांना येत्या शुक्रवारी बोलावलं होतं."

मला वाटलं, संपलं. त्यांनी वही उघडली, पेन बुडवलं. "नियमाप्रमाणे कबुलीचा गुन्हा कबुलीच्या तारखेला नोंदतात. आज वीस. हॉकीचा मोसम कधी संपला, टेट?"

टेटचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "नऊला, सर."

"मग माझी अट मोडली असं मला काही दिसत नाही." त्यांनी नाव लिहिलं, टिपकागद दाबला. "त्याच दिवशी आला असतास तर मला हॉकी बंद करावी लागली असती. आलाच नसतास तर ती तू बंद पाडली असतीस. सहा शनिवार, दोन-दोन तास, बंदूक खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या. पुढच्या वर्षी सामने सूर्यास्ताच्या तासभर आधी संपतील. जा."

आम्ही वळलो. मागून आवाज आला, "ब्रेक्के!" मी वळून पाहतो तर लोखंडी पेपरवेट सरळ माझ्या तोंडावर येतोय. मी पकडला. डाव्या हाताने.

"हं," कर्नल म्हणाले. "मला वाटलंच होतं."

म्हणजे पुढच्या वर्षी हॉकी आहे! तळ्याची डागडुजी तुझ्याच पत्रावरून करायची, असा लेखी हुकूम निघालाय. फक्त त्याची दुसरी बाजू नकलून घेऊ नये, अशी मी विनंती केली. ती नामंजूर झाली.

तुझा,
एनार

•

पाइनलेक
२७ फेब्रुवारी १९०७

एनार,

माफी मागते. मी माफी मागते तेव्हा ती जपून ठेवावी, पुन्हा मिळत नाही. लबाडीचा आरोप मागे घेते. मूर्खपणाचा नाही. अकरा दिवस! आणि गोल धरलाच नसता! हे मी टोळीला सांगितलं तर हालवोर इतका हसला की त्याची तंबाखू तळ्यात पडली.

खरा गुन्हा माझा आहे, हे तुझ्या कर्नलना कळव. मीच तुला घंटा, हाका, आग, कशालाही न बधणारा करून ठेवलं. सहातले तीन शनिवार माझे. मला तिथं येऊन चालता येत नाही, म्हणून तीन जोड मोजे विणून पाठवतेय. हे आईचे नाहीत, माझे आहेत, त्यामुळे टाच जरा वाकडी आहे.

तुझं पत्र काल जेवताना वाचून दाखवलं. आई रडली आणि म्हणाली, पोराला जेवायला हाक मारली तरी ऐकायचा नाही, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. बाबा जेवण झाल्यावर काठी टेकत बाहेर गेले. गुडघा दुखतोय, बर्फ आहे, मी मागून धावले. ते तळ्याच्या काठाशी, आपण गोल म्हणून मांडलेल्या त्या दोन दगडांमध्ये जाऊन उभे राहिले होते.

मला म्हणाले, "कुठल्या हाताने?"

"डाव्या."

त्यांनी काठी टाकली आणि डावा हात वर केला. "एवढा?"

"अजून थोडा वर. आणि मान सरळ."

"असा?"

"असाच."

"बघितल्यासारखं सांगतेस," बाबा म्हणाले.

मग मी त्यांना सांगितलं, आणि आता तुलाही सांगते. कुणी पाहिलं नाही असं पुन्हा लिहू नकोस. अकरा वर्षं मी तुझ्यासमोर उभी होते. मी पाहिलंय.

सोल्वाय